लेकीचं तिखट

दीपनगरहून चिठ्ठी आली तेव्हा प्रमिलाबाई मिरच्यांची देठं खुडत होती. हात तिखटाचे, म्हणून तिनं ती पोस्टमनलाच वाचायला सांगितली. वाचायला येत नव्हतं असं मुळीच नाही. सातवी पास होती बाई, आणि कुणाशी ओळख झाली की पाचव्या मिनिटाला हे सांगायचीच.

चिठ्ठी लीलाधरभाऊंची होती. भुसावळजवळ दीपनगरला विजेचं केंद्र आहे, तिथल्या कॉलनीत एक ग्राहक भांडार होतं आणि लीलाधरभाऊ त्याचे व्यवस्थापक. प्रमिलाबाईच्या महिला मंडळाचं तिखट त्यांनी सहा वर्षं भांडारात विकलं आणि स्वतःच्या घरीही खाल्लं. आता ते लिहीत होते की, येत्या दिवाळीपासून ज्या तिखटावर ॲगमार्कचा शिक्का नाही ते भांडारात ठेवता येणार नाही, तसा समितीचा ठराव झाला आहे, तरी लवकर अर्ज करावा. खाली पुन्हा एक ओळ होती, 'ताई, हयगय करू नका.'

"शिक्का म्हंजे काय वं?" धुरपदाबाईनं विचारलं.

"म्हंजे सरकार सांगी, तिखट चांगलं शे म्हनून."

"आन् आतापावत काय वाईट व्हतं का?"

सगळ्या बायका हसल्या आणि पुन्हा देठं खुडायला लागल्या. प्रमिलाबाई काही हसली नाही. त्यांच्या शिंदखेड्यात तिखट विकत घेतं कोण? दोंडाईचाचा मिरचीबाजार इतका जवळ, घरोघरी उखळ, ज्याची त्याची मिरची आणि ज्याचा त्याचा ठसका. मंडळाचं बहुतेक सगळं तिखट सुरत-भुसावळ पॅसेंजरनं दीपनगरला जायचं. दीपनगर सुटलं की मंडळ बुडालं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि मंडळ बुडालं की या सहा बायका पुन्हा लोकांच्या शेतात निंदणी-खुरपणीला. धुरपदाबाईचा नवरा सुरतेला गेला तो गेलाच. खुद्द प्रमिलाबाईचा नवरा एस्टीत कंडक्टर होता, तो वारल्यावर दिरानं वर्षभर तिला भाकरी घातली आणि प्रत्येक भाकरीबरोबर दोन शब्द ऐकवले. ते दिवस परत येऊ नयेत म्हणून तर बाजारामागची ती पत्र्याची शेड तिनं हट्टानं उभी केली होती.

अठ्ठ्याऐंशी सालचा उन्हाळा मग सगळा त्या शिक्क्याच्या मागे गेला. भांडारामार्फत अर्ज गेला आणि तपासणीला धुळ्याहून एक साहेब आले. चांगला माणूस हो, उगाच नावं कशाला ठेवायची. खिडक्यांना जाळी लावा म्हणाले, लावली. भिंतींना चुना द्या म्हणाले, दिला. डोक्याला कापडी टोपी हवी म्हणाले, तेव्हा मात्र बायकांची हसून पुरेवाट झाली. डोक्यावर पदर आणि पदरावर टोपी! एकमेकींकडे बघून असा काही दंगा केला की साहेबही हसले. जाताना त्यांनी शेवटचं काम सांगितलं. दोन किलो तिखटाचा नमुना बंद करून, लाख लावून, सरकारी प्रयोगशाळेत पाठवायचा. तो पास झाला की शिक्का मिळाला.

"विशेष काही करू नका," साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले. "रोज जे करता तेच पाठवा."

हे प्रमिलाबाईनं ऐकलं. तिच्या कानांनी ऐकलं, आणि पुढं आयुष्यभर ते वाक्य तिला सोडणार नव्हतं. पण त्या वेळी तिला वाटलं, मोठी माणसं असं म्हणतातच. पाहुणा नाही का म्हणत, काही करू नका, चटणी-भाकरी चालेल? म्हणून कुणी पाहुण्यापुढं चटणी-भाकरी ठेवतं का?

साहेबांची जीप वळते न वळते तोच ताईबाई बोलली. ताईबाई मंडळातली सगळ्यात म्हातारी, सत्तरीची, सगळ्यांची अक्का. कांडायच्या आधी मिरचीला तेलाचा हात लावायचं काम तिचं. तेल लावलं नाही तर डंक्यात, म्हणजे कांडपयंत्रात, मिरची उडते आणि शिंकून शिंकून जीव जातो. म्हणून रोजच्या मालाला ताईबाई नुसता तळवा ओला करून फिरवायची, तेवढंच.

"पाव्हनाले रोजनं वाढतस का वं?" ती म्हणाली. "लेकनं तिखट करूत आपन."

लेकीचं तिखट म्हणजे काय, हे खानदेशात सांगावं लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी येते, झोके खेळते, गाणी म्हणते, आणि सासरी परत निघाली की आई तिच्याबरोबर तिखटाची बरणी देते. त्या तिखटाला तेल सढळ हातानं लावतात. मुठीत धरलं तर लाडू वळावा इतकं. सासू पहिल्यांदा बरणी उघडते, बोटांनी तिखट दाबून बघते, आणि बोटं चमकली की समजते, पोरीच्या मागं माणसं आहेत. कोरडं तिखट दिलं म्हणजे माया कोरडी. अशा बरणीवरून लेकींना वर्षानुवर्षं टोमणे खावे लागलेले आहेत.

"सरकार आपली सासू शे का?" धुरपदाबाईनं फिरकी घेतली.

"सासूच शे," ताईबाई म्हणाली. "नाव ठेवाले बसेल शे."

झालं, ठरलं. सहाजणी दोन दिवस एकेक मिरची निवडत बसल्या. डाग असलेली बाजूला, आखूड बाजूला, रंगानं जराही उणी असेल ती बाजूला. डंका बंद ठेवला आणि उखळ काढलं, कारण डंक्यात मिरची तापते आणि वास उडतो. तेल ताईबाईनं घरून आणलं. पुतण्याच्या शेतातल्या शेंगा, लाकडी घाण्याचं तेल, पितळी तांब्यात भरून वर फडकं बांधलेलं. आल्या आल्या तिनं हात धुतले, तांब्याला नमस्कार केला आणि मिरचीवर धार धरली.

धार चालूच राहिली. प्रमिलाबाईच्या एकदा मनात आलं, बस म्हणावं. तिनं ताईबाईच्या तोंडाकडं पाहिलं. म्हातारी ओठ मिटून, डोळे बारीक करून, पोरीला न्हाऊ घालावं तशी मिरची चोळत होती. प्रमिलाबाईनं बस म्हटलं नाही. उलट ती काय म्हणाली ठाऊक आहे? "टाक अक्का, आखो टाक."

तिखट काय झालं होतं म्हणता! लालभडक, ओलसर, शेडबाहेरून जाणारा माणूस थबकावा असा वास. प्रत्येकीनं चिमूटभर जिभेवर ठेवलं. डबा लाखेनं बंद झाला तेव्हा ताईबाईनं त्यावरून बोटं उतरवून कडाकडा मोडली.

मग वाट बघणं आलं. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती बसले आणि उठले. पोस्टमन दिसला की धुरपदाबाई लांबूनच हात हलवून विचारायची आणि तो लांबूनच नाही म्हणायचा. नवरात्राच्या चौथ्या माळेला चिठ्ठी आली, पण ती लीलाधरभाऊंची, तीही एका ओळीची. 'ताई, समक्ष या.'

प्रमिलाबाई सकाळच्या पॅसेंजरनं एकटीच गेली. ताईबाईनं निघताना तिच्या हातावर दही ठेवलं.

भांडारातल्या लहानशा खोलीत लीलाधरभाऊंनी तिला बसवलं, चहा मागवला, पंखा तिच्याकडं वळवला. एवढी सरबराई बघूनच बाई काय ते समजली. माणूस वाईट बातमी द्यायची असली की आधी खुर्ची देतो.

"नापास झालो का भाऊ?"

लीलाधरभाऊंनी होकारार्थी मान हलवली आणि भांडाराच्या पत्त्यावर आलेला निकालाचा कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं वाचला. सातवीपर्यंतचं मराठी तिला येत होतं, पण त्यातला एक शब्द तिच्या शाळेत कुणी शिकवला नव्हता. नमुना अपमिश्रित आहे.

"हे काय भाऊ? अपमिश्रित?"

"सरकारी शब्द आहे तो. सोडून द्या."

"सोडून कसा देऊ? अर्थ सांगा ना."

लीलाधरभाऊंनी चष्मा काढून पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. "भेसळ," ते म्हणाले.

प्रमिलाबाई खुर्चीतून उठलीच. "भेसळ? अहो, पोटच्या लेकीला देतो आम्ही ते! बाजारातलं तेलसुद्धा नव्हतं त्याच्यात, घाण्याचं होतं, म्हातारीनं घरून आणलं होतं!"

"तेच ना ताई. तेलच जास्त झालं. वरून लावलेलं तेल शेकड्याला दोन चालतं. तुमच्या नमुन्यात सात निघालं."

"शुद्ध तेल होतं भाऊ."

"असेल. पण त्यांना कसं कळावं? व्यापारी काय करतात, जुनी, उडालेल्या रंगाची मिरची कांडतात आणि तेल पाजतात. रंग उजळतो, वजन वाढतं. म्हणून नियम केला. नियम काही खोटा नाही."

नियम खोटा नव्हता, हेच तर दुखणं होतं. शिव्या द्याव्यात तर कुणाला? कुणी लाच खाल्ली नव्हती, कुणी दावा साधला नव्हता. तिला तर वाटलं, या माणसानं टेबलाखालून काही मागितलं असतं तरी बरं झालं असतं, निदान घरी जाऊन थुंकता आलं असतं.

लीलाधरभाऊंनी मग दुसरा कागद काढला आणि पुढं ठेवला. काढला नसता तर बरं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. भांडारानं फळीवरच्या सगळ्या मालाची आपल्यापरीनं तपासणी करून घेतली होती. त्यात मंडळाची पिशवीही गेली होती, रोजच्या तिखटाची. तिचा निकाल असा होता की तेल शेकडा एक, रंग अस्सल, माती नाही, देठ नाही, उत्तम.

प्रमिलाबाईनं तो कागद दोनदा वाचला. "मग हे पास आहे ना? याच्यावर द्या शिक्का."

"शिक्का लाखबंद नमुन्यावर मिळतो. मी समितीपुढं हा कागद ठेवला, हात जोडले. पण त्यानं काम आणखी बिघडलं. ते म्हणाले, या बायका विकतात एक आणि दाखवतात दुसरंच. कसा भरवसा ठेवायचा?"

तिनं कागदाची घडी केली आणि परत सरकवला. खरंच होतं ते. विकायला एक आणि दाखवायला एक, असंच केलं होतं त्यांनी. लबाड माणूस जे करतो तेच यांनी जीव ओतून केलं होतं.

"सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो," लीलाधरभाऊ म्हणाले. "पण दिवाळीपासूनचा माल समितीनं एका कारखान्याला दिला. आता ते परत फिरणार नाहीत. मला फार वाईट वाटतं, ताई."

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी तिला फाटकापर्यंत पोचवलं. वाटेत फळीवर नव्या लाल पिशव्या रचलेल्या होत्या, प्रत्येकीवर शिक्का. एक कॉलनीतली बाई तिला ओळखून म्हणाली, "मावशी, तुमचं तिखट नाही आलं का हो अजून?" प्रमिलाबाईनं "येईल" म्हटलं आणि पदर तोंडाला लावून भरभर चालायला लागली.

गाडीत अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, तरी शिंदखेड्यात उतरून काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. नापास झालो, हे तर सांगावंच लागणार. पण कशानं? तेलानं, असं म्हटलं की बोट ताईबाईकडं. आणि तेल टाक म्हणणारी तर आपण. तिनं ठरवून टाकलं, कारण सांगायचंच नाही.

"कागदमा काहीतरी चुकनं," एवढंच तिनं सांगितलं. बायका रडल्या, सरकारला शिव्या दिल्या, पुन्हा रडल्या. ताईबाई तेवढी रडली नाही. तिनं विचारलं, "काय कमी पडनं वं?" प्रमिलाबाईनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

सहा महिने बसून खायला कुणाच्या बापाची वतनदारी होती? शेजारपाजारी किलो-दोन किलो खपवून पाहिलं, धुळ्याच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या, पण सगळ्यांना आता शिक्का हवा होता. संक्रांतीपर्यंत शेड रिकामी झाली. डंका विकला. धुरपदाबाई पोरांना घेऊन सुरतेला गेली, साड्यांना टिकल्या लावायच्या कामावर. बाकीच्या शेतात निंदायला लागल्या. प्रमिलाबाई दिराच्या ओसरीवर परत आली. भाकरी मिळत होती आणि भाकरीबरोबर दोन शब्द, पहिल्यासारखेच.

होळीच्या आधी एका दुपारी ताईबाई तिच्याकडं आली. उन्हात चालत आली होती, पाणीसुद्धा घेतलं नाही. वाळली होती म्हातारी, गालफडं आत गेलेली.

"प्रमिला, मनी आन शे तुले," ती म्हणाली. "खरं सांग. तेल कमी पडनं ना?"

"नही अक्का, आसं काही नही..."

"माले माहीत शे. तांब्यामा जराखं तेल उरेल व्हतं. माले वाटनं, पुरं व्हयनं. ते मी घर लई गऊ. दोन दिन भाजीमा टाकं." तिचा आवाज चिरकला. "मना हात आखडना वं प्रमिला. मना मुये सहा घरं बसनात. माले झोप लागत नही."

प्रमिलाबाईला भडभडून आलं. पाच महिने या म्हातारीनं तांब्याच्या तळाचं ते घोटभर तेल उराशी धरलं होतं, आणि आपण हिला वाचवतो आहोत म्हणून गप्प बसलो होतो! तिनं ताईबाईचे दोन्ही हात धरले. मायेनं बोलली हो ती, मायेनंच बोलली. "कमी नही पडनं, अक्का. तुना काही दोष नही. तेल जास्त व्हयनं. किलोले दोन चमचा चालस, तेनाथून जास्त नही, आसा नियम शे."

ताईबाई तिच्याकडं बघत राहिली. "जास्त?" ती म्हणाली. "जास्त कसं व्हस वं? लेकले कधी जास्त व्हस का?"

"सरकारना नियम शे, अक्का."

"जास्त टाकं तं काय म्हनतस ते?"

इथं प्रमिलाबाईनं थांबायचं होतं. पण पाच महिने तो शब्द तिच्या घशात रुतून बसलेला होता, आणि तो सांगायला दुसरं माणूस तिला उरलं नव्हतं. "भेसळ म्हनतस," ती म्हणाली.

ताईबाईनं हात सोडवून घेतले. पदरानं तोंड पुसलं, बरं म्हणाली आणि उठून गेली. रडली नाही की ओरडली नाही, त्यामुळं प्रमिलाबाईला वाटलं, चला, म्हातारीच्या मनावरचं ओझं उतरलं.

आखाजी आली. ताईबाईची नात गेल्या वर्षी जामनेरला दिली होती, ती पहिल्या आखाजीला माहेरी आली. गल्लीत कडुलिंबाला झोके बांधले, गौराईची गाणी झाली. पोर परत निघायच्या आदल्या दिवशी ताईबाईनं प्रमिलाबाईला निरोप धाडला, कांडायला हात दे म्हणून. प्रमिलाबाई हौसेनं गेली. किती दिवसांनी हातात मुसळ येणार होतं.

अंगणात मिरची तयार होती, निवडलेली, उन्हं दिलेली. शेजारी घाण्याच्या तेलाचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. आणि तांब्यात एक चमचा उभा होता.

"किलोले दोनच ना वं?" ताईबाईनं विचारलं. तिनं चमचा भरला, वरचं तेल तांब्याच्या काठावर निरपून टाकलं आणि मिरचीवर ओतला. मग दुसरा. दोन चमचे तेल एवढ्या मिरचीत कुठल्या कुठं गेलं. ती कोरड्या हातांनी मिरची चोळायला लागली.

"अक्का, हाई घरनं शे," प्रमिलाबाई म्हणाली. "हाई कोठेच धाडनं नही. नातले देवानं शे ना?"

"हा, तिलेच."

"मंग टाक ना वं! टाक, आखो टाक!" प्रमिलाबाईला रडू आवरेना. तिनं तांब्या उचलला आणि मिरचीवर कलता केला. धार पडायच्या आत ताईबाईनं दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं. एवढी ताकद त्या वाळल्या हातांत कुठून आली कोण जाणे. म्हातारीचे डोळे घाबरलेले होते.

"नको वं प्रमिला, नको," ती म्हणाली. "पोरना सासरे भेसळ म्हनतीन."